साठेखत झालं, मग खरेदीखत कशाला?

दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो काढला, अंगठा दिला, भरमसाट मुद्रांक शुल्क भरलं आणि हातात सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) पडली. घर आपलं झालं असं वाटायला एवढं पुरेसं असतं. पण त्या सूचीचा पहिलाच रकाना ‘विलेखाचा प्रकार’ असा असतो, तो आधी वाचा. तिथे ‘साठेखत’ किंवा ‘करारनामा’ असेल तर कायद्याच्या लेखी घर अजून विकणाऱ्याचंच आहे. ‘खरेदीखत’ असेल तरच मालकी हलली. (बिल्डरकडच्या फ्लॅटचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे येतंच.)

साठेखत म्हणजे वायदा: ही मिळकत अमुक रकमेला, अमुक मुदतीत, अमुक अटी पुऱ्या झाल्यावर विकीन. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५४ सांगतं की अशा करारामुळे खुद्द मिळकतीत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. तुमच्या हाती येतो तो लिहून देणाऱ्याकडून वायदा पुरा करून घेण्याचा हक्क. खरेदीखत मात्र मालकीच हस्तांतरित करतं, आणि शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. शीर्षकाला भुलू नका, न्यायालय मजकूर पाहतं. ‘विकत देण्याचे कबूल केले आहे’ हे साठेखत, ‘कायम फरोक्त विकत दिली आहे’ हे खरेदीखत.

मग थेट खरेदीखतच का करत नाहीत? कारण मधल्या काळात बरीच कामं असतात. गृहकर्ज मंजूर व्हायचं असतं आणि बँकेला त्यासाठी नोंदणीकृत करार लागतो. विकणाऱ्याचा जुना बोजा फिटायचा असतो, सोसायटीची ना हरकत यायची असते, एखाद्या सहहिस्सेदाराची सही बाकी असते. साठेखत हा काळ बांधून ठेवतं. इसारपावतीवर (आगाऊ रकमेच्या पावतीवर) एवढा भरवसा ठेवू नये, कारण तिच्यात मुदत, अटी, कागदपत्रांची जबाबदारी यांतलं बरंचसं सहसा लिहिलेलंच नसतं.

साठेखत नोंदवायचं की नुसत्या स्टॅम्पपेपरवर ठेवायचं, इथे खर्च वाचवण्याच्या नादात लोक सर्वात जास्त फसतात. नोंदणी झाली की तो करार सगळ्यांना माहीत आहे असं कायदा धरतो. नोंदणी नसेल आणि विकणाऱ्याने तेच घर दुसऱ्याला खरेदीखताने दिलं, तर ‘मला या कराराची कल्पना नव्हती, मी पूर्ण पैसे मोजले’ हा त्या दुसऱ्याचा बचाव टिकू शकतो. ताबा घेतलेला असला तरी भागत नाही. त्याच मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३अ मधलं ताब्याचं संरक्षण २००१ च्या दुरुस्तीपासून नोंदणीकृत करारालाच मिळतं. विनानोंदणी साठेखत करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतं, एवढाच काय तो आधार.

त्या दाव्यालाही मुदत आहे: करारात खरेदीखताची तारीख ठरली असेल तर तिच्यापासून तीन वर्षं, ठरली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षं. ‘करू निवांत’ म्हणत पाच वर्षं गेली आणि तोवर भाव दुप्पट झाले, की विकणाऱ्याची भाषा बदलते. म्हणून साठेखतात मुदतीची तारीख हवी, आणि ती वाढवली तर लेखी व सहीनिशी.

मुद्रांक शुल्क दोनदा भरावं लागेल ही भीती मात्र बहुतेक वेळा बिनबुडाची असते. महाराष्ट्रात ताबा दिलेल्या किंवा द्यायचं ठरलेल्या साठेखतावर खरेदीखताइतकंच पूर्ण शुल्क लागतं. करारातला मोबदला आणि रेडी रेकनरनुसार (सरकारी दरपत्रकानुसार) येणारं बाजारमूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर ते धरतात. पुढे त्याच करारानुसार खरेदीखत झालं की आधी भरलेलं शुल्क वजा होतं, दुसऱ्यांदा पूर्ण भरावं लागत नाही. खरेदीखतात आधीच्या साठेखताचा दस्त क्रमांक, तारीख आणि भरलेलं शुल्क नमूद करा. हे राहिलं की वजावटीवर विनाकारण वाद होतो.

आता विकणाऱ्याची बाजू. साठेखतात पैसे थकले तर मालकी अजून त्याच्याकडेच असते, त्यामुळे करारातल्या अटींप्रमाणे नोटीस देऊन तो करार संपवू शकतो. खरेदीखत नोंदवल्यावर ते जमत नाही. मोबदला ‘दिला, देण्याचं ठरलं किंवा काही दिला आणि काही द्यायचा आहे’ अशा तिन्ही प्रकारे विक्री पूर्ण होते, असं कलम ५४ म्हणतं. पुढच्या तारखांचे चेक घेऊन खरेदीखतावर सही केली आणि चेक परत आले, तर राहिलेल्या पैशांसाठी दावा लावता येतो, मिळकतीवर त्या रकमेचा भारही राहतो. पण केवळ पैसे मिळाले नाहीत म्हणून दस्त रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावरच खरेदीखतावर सही.

मधल्या काळात विकणारा वारला तर साठेखत संपत नाही, ते वारसांवर बंधनकारक राहतं. मात्र त्याने दिलेलं साधं कुलमुखत्यारपत्र त्याच्याबरोबरच संपतं. ‘साठेखत अधिक कुलमुखत्यारपत्र’ म्हणजे विक्री, असा समज अजून घट्ट आहे. त्या जोडीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं.

बिल्डरकडून फ्लॅट घेताना नोंदवला जातो तो बहुधा करारनामाच. रेरा कायद्याच्या (बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या कायद्याच्या) कलम १३ प्रमाणे किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी तो नोंदवावा लागतो. इथे प्रत्येकाचं स्वतंत्र खरेदीखत बहुतेकदा होत नाही. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करणारं अभिहस्तांतरण बिल्डरने करून द्यायचं असतं, आणि तो टाळाटाळ करत असेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या हस्तांतरणासाठी, अर्ज करू शकते. अशा जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीत मागच्या सगळ्या करारनाम्यांची साखळी आणि सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) तपासा, सोसायटीचं अभिहस्तांतरण झालंय का तेही विचारा.

सौदा मोडला तर नोंदवलेलं साठेखत फाडून टाकून सुटत नाही, नोंदणीकृत रद्दलेख लागतो. ताबा घेण्याआधी आणि करारापासून पाच वर्षांच्या आत रद्द केलं असेल, तर रद्दलेख नोंदवल्यापासून सहा महिन्यांत मुद्रांक शुल्काच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो.

आणि खरेदीखतावर सह्या झाल्या की तो दस्त कपाटात ठेवू नका. नोंदणीसाठी सहीपासून चार महिने मिळतात. पुढचे चार महिने नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत दंड भरून उशीर माफ करून घेता येतो, त्यानंतर तो दस्त नोंदणीला चालत नाही. नोंदणीनंतर सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर फेरफार करून घ्या. फेरफाराने मालकी मिळत नाही, पण जुन्या मालकाचं नाव तिथे राहिलं की पुढच्या गिऱ्हाइकाचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवतो.