जालविज्ञान

जालविज्ञान : परस्परांशी जोडलेल्या घटकांच्या समूहाचा, घटकांच्या अंगभूत गुणांपेक्षा त्यांच्या जोडणीच्या रचनेवर भर देऊन केलेला शास्त्रीय अभ्यास. घटकांना ‘गाठी’ व जोडण्यांना ‘दुवे’ म्हणतात. एखाद्या गाठीला लागलेल्या दुव्यांची संख्या ही तिची दुवासंख्या होय. या शास्त्राचा गणिती पाया म्हणजे आलेख सिद्धांत. येथील ‘आलेख’ म्हणजे शालेय गणितातील क्ष व य अक्षांवरचा वक्र नव्हे, तर गाठी व त्यांना जोडणारे दुवे यांची रचना. हा दुहेरी अर्थ ‘ग्राफ’ या इंग्रजी संज्ञेतही आहे. ती संज्ञा जे. जे. सिल्व्हेस्टर यांनी १८७८ मध्ये रसायनशास्त्रातील रेणूंच्या आकृत्यांवरून घेतली.

जाळे अभ्यासकाला आयते मिळत नाही. दुवा कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागते, आणि पुढचे बहुतेक निष्कर्ष त्या निवडीवर अवलंबून असतात. भारतीय रेल्वेच्या जाळ्यावर पारोंगमा सेन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्थानके या गाठी मानल्या होत्या, आणि किमान एक गाडी ज्या दोन स्थानकांवर थांबते त्यांच्यात दुवा धरला होता. या व्याख्येनुसार महाराष्ट्र एक्सप्रेसमुळे कोल्हापूर आणि गोंदिया ही लोहमार्गाने हजार किलोमीटरांहून दूर असलेली स्थानके एकमेकांची थेट शेजारी ठरतात. याउलट कोल्हापूर आणि रत्नागिरी यांच्यात रस्त्याचे अंतर सुमारे १३० किलोमीटरच आहे, पण सह्याद्री ओलांडून त्यांना सरळ जोडणारा लोहमार्ग नाही, म्हणून या जाळ्यात ती दुरावतात. रुळांवर लगत असलेल्या स्थानकांमध्येच दुवा धरला, तर कोल्हापूर–गोंदिया मार्गात कित्येक पायऱ्या येतील. दोन्ही व्याख्या योग्य आहेत. पहिली गाडी किती वेळा बदलावी लागेल हे सांगते, तर दुसरी रूळ एखाद्या ठिकाणी तुटल्यास काय होईल हे सांगते. सेन व सहकाऱ्यांना हे जाळे पुढे वर्णिलेल्या ‘लहान जगा’च्या प्रकारातले आढळले.

उगम : या शास्त्राचा आरंभ बहुधा लिओनार्ड ऑयलर यांच्यापासून सांगितला जातो. प्रशियातील कोनिग्सबर्ग (आजचे रशियातील कालिनिनग्राड) शहरात प्रेगेल नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व पुलांवरून फिरता येईल का, असा प्रश्न होता. नदीमुळे पडलेल्या चार भूभागांपैकी बेटावर पाच पूल येत, उरलेल्या तिन्हींवर प्रत्येकी तीन. मधल्या कोणत्याही भूभागात जितक्या वेळा शिरावे तितक्याच वेळा बाहेर पडावे लागते; म्हणून फेरीची सुरुवात व शेवट सोडून इतर सर्व भूभागांवर पुलांची संख्या सम हवी. येथे चारही ठिकाणी ती विषम असल्याने अशी फेरी अशक्य ठरते. या शोधाच्या कालनिर्देशात ग्रंथांत एकवाक्यता दिसत नाही : ऑयलर यांनी तो सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे ऑगस्ट १७३५ मध्ये मांडला, अकादमीच्या ज्या खंडात तो आहे त्यावर १७३६ हे वर्ष आहे, आणि खंड प्रत्यक्षात १७४१ मध्ये छापला गेला. पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळणारी चार बिंदू व सात रेषांची आकृती मूळ लेखात नाही. ती नंतरची आहे. विषम संख्येची स्थाने दोनपेक्षा जास्त नसली की फेरी निश्चित सापडते, याची पूर्ण सिद्धताही तेथे नाही. ती कार्ल हियरहोल्त्सर यांच्या मृत्यूनंतर १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली. हे उत्तर गणिताशी फारसे निगडित नाही, असे खुद्द ऑयलर यांनी १७३६ मधील एका पत्रात लिहिले होते.

दुसऱ्या मतानुसार उगम समाजशास्त्रात शोधावा लागतो. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या सुधारगृहातून अनेक मुली पाठोपाठ पळून गेल्या, तेव्हा जेकब मोरेनो यांनी कोणाला कोणाबरोबर राहावेसे वाटते हे विचारून त्यांच्या संबंधांचे नकाशे काढले, आणि पळून जाण्याचे कारण मुलींच्या स्वभावाऐवजी त्या नकाशातील त्यांच्या स्थानात पाहिले (१९३४). ऑयलर यांच्याकडे सिद्धांताचा पूर्वज म्हणून पाहणे रास्त असले, तरी प्रत्यक्ष माणसांची माहिती गोळा करून तिचे जाळे मांडण्याची रीत मोरेनो यांच्यापाशी अधिक स्पष्ट दिसते. ‘जालविज्ञान’ हे स्वतंत्र शास्त्राचे नाव मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभीच रूढ झाले.

यादृच्छिक जाळी व लहान जग : दुवे निव्वळ योगायोगाने पडले तर काय होईल, याचा विचार रे सोलोमोनॉफ व अनातोल रॅपोपोर्ट यांनी १९५१ मध्ये केला. पॉल एर्दोश व आल्फ्रेड रेन्यी यांनी १९५९ पासून त्याला काटेकोर रूप दिले. सरासरी दुवासंख्या १ च्या पुढे जाताच विखुरलेल्या तुकड्यांतून एकदम एक महाखंड (गाठींचा मोठा वाटा सामावणारा सलग तुकडा) तयार होतो, हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध निष्कर्ष होय.

स्टॅन्ली मिलग्रॅम व जेफ्री ट्रॅव्हर्स यांच्या प्रयोगात (१९६९) नेब्रास्का व बॉस्टन येथील २९६ व्यक्तींना, केवळ ओळखीच्या माणसांच्या हातून, बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या एका शेअर दलालापर्यंत पाकीट पोचवायला सांगितले होते. ६४ पाकिटे पोचली व मधल्या व्यक्तींची सरासरी ५.२ भरली. न पोचलेल्या पाकिटांचा विचार न करता हा आकडा साऱ्या जगाला लावण्याची प्रथा सावधपणे घ्यावयास हवी. डंकन वॉट्स व स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, शेजाऱ्यांशीच घट्ट बांधलेल्या वर्तुळाकार जाळ्यातील मोजके दुवे उचलून दूरवर टाकले, तर शेजाराचा घट्टपणा जवळजवळ तसाच राहून सरासरी अंतर मात्र झपाट्याने घटते. अशा जाळ्याला ‘लहान जग’ म्हणतात. एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीची मज्जासंस्था आणि पश्चिम अमेरिकेतील वीजवाहिन्यांचे जाळे ही त्यांची उदाहरणे होती.

घातनियमाचा वाद : आल्बर्ट-लास्लो बाराबाशी व रेका आल्बर्ट यांच्या प्रतिमानात (१९९९) नवी गाठ जुन्यांपैकी जिला जास्त दुवे आहेत तिला जोडली जाण्याची शक्यता जास्त असते. त्यातून दुवासंख्येचा घातनियम निघतो. त्याचा घातांक ३ असतो. म्हणजे दुवासंख्या दुप्पट केली की तितके दुवे असणाऱ्या गाठी सुमारे एकअष्टमांश उरतात, मग सुरुवात दहा दुव्यांपासून करा की हजारापासून. शास्त्रीय लेखांतील संदर्भांविषयी हीच कल्पना डेरेक डी सोला प्राइस यांनी १९७६ मध्ये मांडली होती, आणि तिची मुळे हर्बर्ट सायमन (१९५५) व अडनी यूल (१९२५) यांच्यापर्यंत जातात. तेव्हा अग्रक्रमाचे श्रेय एकाच नावाला देता येत नाही.

घातनियम सर्वत्र आढळतो, हे विधान त्याहून वादग्रस्त आहे. दोन्ही अक्षांवर लॉगरिथम घेऊन काढलेला आलेख सरळ दिसला की घातनियम मानण्याची पद्धत होती. परंतु इतर काही वितरणेही मर्यादित टप्प्यात अशीच सरळ दिसतात. ॲना ब्रोइडो व आरन क्लॉसेट यांनी २०१९ मध्ये सुमारे हजार जाळी तपासली, तेव्हा त्यांच्या कसोटीनुसार घातनियमाचा सर्वांत भक्कम पुरावा जेमतेम ४ टक्क्यांत मिळाला. प्रत्यक्ष जाळी मर्यादित आकाराची असल्याने ही कसोटी अवाजवी कडक आहे, असा प्रतिपक्ष आहे. मोजक्या गाठींकडे बहुसंख्य दुवे असणे ही गोष्ट बऱ्याच जाळ्यांत खरी आहे व बहुतेक उपयोगांना तेवढी पुरते; नेमका घातनियम सिद्ध होण्याची त्यांना गरज नसते.

उपयोग : रोगप्रसाराच्या अभ्यासात दुव्यांच्या या विषम वाटणीचा अर्थ विशेष जाणवतो. रोम्युआल्दो पास्तोर-सातोरास व आलेस्सांद्रो व्हेस्पिन्यानी यांनी २००१ मध्ये दाखवले की, घातांक ३ किंवा त्याहून कमी असलेल्या अमर्याद मोठ्या जाळ्यात साथ पसरण्यास किमान उंबरठाच उरत नाही, म्हणजे अगदी कमी संसर्गजन्य रोगही पसरू शकतो. म्हणून लस आधी मोठ्या गाठींना, म्हणजे जास्त दुवे असलेल्या व्यक्तींना, देणे फायद्याचे ठरते; त्या शोधण्यासाठी सगळे जाळे माहीत असावे लागत नाही. आपल्या मित्रांना सरासरीने आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात, हे स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये मांडले होते. म्हणून कोणाही व्यक्तीला तिच्या एका ओळखीच्या माणसाचे नाव विचारून त्या माणसाला लस दिली, तर सरसकट कोणालाही लस देण्यापेक्षा तितक्याच लसींत साथ अधिक आटोक्यात येते.