चंद्रभागा वेगळी नदी नव्हे

तुकोबांची पालखी आमच्या पुण्यातल्या नाना पेठेत मुक्कामाला आली की हमखास ऐकू येतं: ‘चंद्रभागा वेगळी, भीमा वेगळी, पंढरपुरात दोघींचा संगम होतो.’ संगमबिंगम काही नाही. भीमाशंकरला उगम पावलेली भीमाच पंढरपूरपाशी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथं ती चंद्रभागा. गाव मागं पडलं की परत भीमाच.

आणि गंमत बघा, आळंदीची इंद्रायणी तुळापूरला आणि आपली मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेलाच मिळते. पुढे उजनी धरण, मग पंढरपूर. म्हणजे मावशी तांब्याच्या गडूत जे तीर्थ जपून आणते, त्यात मुठेवरच्या लकडी पुलाखालचंही पाणी आलंच. (हे तिला सांगितलं, तर गडू उचलून देवघरात आणखी आत सरकवला.)