'ब्रिक लेन' कोणाची? एका कादंबरीवरच्या रागालोभाची पार्श्वभूमी

पूर्व लंडनमधल्या बांगलादेशी वस्तीतल्या एका गल्लीचं नाव घेतलेली मोनिका अली यांची कादंबरी 'ब्रिक लेन' २००३ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचली. पुस्तक बाजारात येण्याआधीच, नुसत्या हस्तलिखिताच्या जोरावर, 'ग्रँटा' या नियतकालिकाने अलींना ब्रिटनमधल्या वीस उत्तम तरुण कादंबरीकारांत बसवलं होतं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, वाचकांनी भरभरून वाचलं. पण ज्या वस्तीची ही गोष्ट, तिथून निषेधाचं अठरा पानी पत्र आलं. ब्रिटनमधल्या सिल्हेटी, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या ईशान्येकडच्या सिल्हेट भागातून आलेल्या, लोकांची बाजू मांडणाऱ्या एका संघटनेने ते लिहिलं होतं. कादंबरीने आमच्या समाजाची बदनामी केली आहे, असं त्यांचं म्हणणं.

बाहेरच्या जगाने या पत्राकडे 'मुसलमान पुन्हा एका पुस्तकावर चिडले' एवढ्याच नजरेने पाहिलं. १९८९ मध्ये ब्रॅडफर्डला सलमान रश्दींची कादंबरी भर चौकात जाळली गेली होती, त्याची आठवण लोक विसरले नव्हते. मला मात्र हा निष्कर्ष उतावळा वाटतो. या रागात धर्माचा भाग थोडा होता. हा राग होता सिल्हेटचा, आणि तो कळायचा तर शंभर वर्षं मागे जावं लागतं.

आधी कादंबरीत काय आहे ते थोडक्यात. नाझनीन ही बांगलादेशातल्या मैमनसिंगकडच्या खेड्यातली मुलगी. १९८५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ती लग्न होऊन लंडनला येते. नवरा चानू तिच्याहून कितीतरी मोठा. पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातल्या सरकारी इमारतीत त्यांचा संसार सुरू होतो. तिला इंग्रजीतले 'सॉरी' आणि 'थँक यू' एवढेच शब्द येतात. चानू ढाका विद्यापीठाचा पदवीधर. मिळालेली सगळी प्रमाणपत्रं फ्रेम करून जपणारा, बढतीची वाट पाहत वर्षं काढणारा आणि तोंडाने सतत योजना आखणारा. आजूबाजूच्या सिल्हेटी लोकांविषयी त्याचं मत अगदी वाईट. अडाणी, खेडवळ, जहाजांवरून पळून आलेले लोक, अशा शब्दांत तो त्यांची संभावना करतो. अठरा पानी पत्राचा रोख प्रामुख्याने या वाक्यांवर होता.

आता 'जहाजावरून पळून आलेले' ही शिवी कशी झाली ते पाहायला हवं, कारण सिल्हेटी घरांत ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. ब्रिटिश काळात सिल्हेट हा आसामचा जिल्हा. नद्यांचा मुलूख, नावाड्यांची परंपरा, लहान पण स्वतःच्या मालकीच्या जमिनी. इथली पोरं कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत येत आणि आपल्याच गावाकडच्या सारंगामार्फत, म्हणजे खलाशांच्या मुकादमामार्फत, आगबोटीवर नोकरी मिळवत. एक सारंग पोचला की त्याच्यामागे भाऊ, पुतणे, शेजारी. कामं बहुतेक इंजिनखोलीतली. भट्टीत कोळसा टाकायचा, राख उपसायची, आणि तेही गोऱ्या खलाशांच्या पगाराच्या लहानशा हिश्श्यावर. लंडनच्या गोदीत जहाज लागलं की काही जण रात्रीच्या अंधारात गुपचूप उतरत आणि परत जहाजावर चढतच नसत.

उतरलेल्या माणसाने जायचं कुठे? १९३०-४० च्या दशकांत सँडिज रो या गल्लीत अयूब अली नावाचे एक सिल्हेटी गृहस्थ राहत. लोक त्यांना 'मास्टर' म्हणत. पळून आलेल्या खलाशाला त्यांच्याकडे जेवण आणि झोपायला जागा मिळे, पोलिसांत नोंदणी करून द्यायला मदत होई, घरी पाठवायची पत्रं लिहून दिली जात. १९४३ मध्ये त्यांनी आणि शाह अब्दुल मजीद कुरेशी यांनी भारतीय खलाशांसाठी एक कल्याणकारी संघटनाही काढली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांवर हजारो भारतीय खलाशी मारले गेले. टॉर्पेडो लागला तर सर्वांत आधी इंजिनखोलीच बुडायची, आणि तिथेच सिल्हेटी सर्वांत जास्त. आजोबा अशा जहाजावरून पळून आले असतील तर नातवाच्या लेखी ते धाडसच. ढाक्याकडच्या शिकल्यासवरलेल्या चानूच्या तोंडी मात्र त्याच गोष्टीची हेटाळणी होते. 

फाळणीने आणखी एक घाव घातला. जुलै १९४७ च्या सार्वमतात सिल्हेट पूर्व पाकिस्तानात गेलं. कलकत्ता परदेश झालं आणि गोदीची वाट बंद पडली. मग ज्यांचे कोणी आधीच लंडनमध्ये होते, त्यांच्या आधाराने माणसं थेट तिथेच जाऊ लागली. ब्रिटनच्या १९६२ च्या कायद्याने येणाऱ्या कामगारांसाठी परवाने सुरू केले, १९७१ च्या कायद्याने नव्या कामगारांचं येणं जवळपास थांबवलं. त्यानंतर खुलं राहिलं ते कुटुंबाचं दार. एकटे राहणारे पुरुष आपल्या बायकामुलांना बोलावू लागले ते या टप्प्यावर. ढाक्याला त्या बायकांच्या मुलाखती होत. मुलं खरोखर तुमचीच कशावरून, असं विचारलं जाई, आणि अर्ज वर्षानुवर्षं पडून राहत. पुढे डीएनए चाचणी आली तेव्हा आधी नाकारलेली अनेक मुलं त्याच बापाची निघाली. तोवर ती वाढून मोठी झाली होती.

आलेली कुटुंबं राहिली ब्रिक लेनच्या आसपास. ही गल्ली कायम परक्यांचीच. तिच्या एका कोपऱ्यावरची इमारत १७४३ मध्ये फ्रान्समधून धर्मछळाला कंटाळून आलेल्या ह्यूगनो लोकांनी चर्च म्हणून बांधली. १८९८ मध्ये तिथे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग झालं आणि १९७६ मध्ये मशीद. तिघांचाही धंदा कापडाचा. ह्यूगनो रेशीम विणत, ज्यू कपडे शिवत, बंगाल्यांनी त्यांच्याच शिवणखोल्या आणि चामड्याची जाकिटं हाती घेतली.

पण ज्यूंच्या वाट्याला इथे जो द्वेष आला तोच बंगाल्यांच्याही वाट्याला आला. सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाचे लोक ब्रिक लेनच्या तोंडाशी आपलं वृत्तपत्र विकायला उभे राहत आणि बंगाल्यांना रस्त्यात गाठून मारहाण होई. ४ मे १९७८ ला अल्ताब अली हा पंचवीस वर्षांचा शिवणकामगार कामावरून घरी जाताना व्हाइटचॅपलजवळ भोसकला गेला. दहा दिवसांनी सुमारे सात हजार माणसं त्याची शवपेटी घेऊन थेट डाउनिंग स्ट्रीटपर्यंत, पंतप्रधानांच्या दारापर्यंत, चालत गेली. लंडनमधल्या बंगाली राजकारणाची सुरुवात मी या मोर्चापासून धरते. आज त्या जागेजवळच्या बागेला अल्ताब अलीचं नाव आहे. १९९९ च्या एप्रिलमध्ये एका नवनाझी तरुणाने ठेवलेला, खिळे भरलेला बॉम्ब याच गल्लीत फुटला. म्हणजे कादंबरी आली तेव्हा ती जखम अवघी चार वर्षांची होती. मार खाऊन, मोर्चे काढून मिळवलेल्या गल्लीचं नाव बाहेरच्या कोणीतरी पुस्तकाला द्यावं, हे अनेकांना मुळातच खटकलं.

मोनिका अली बाहेरच्या कशा? त्यांचा जन्म ढाक्याचा, १९६७ चा. वडील बंगाली, आई इंग्रज. १९७१ च्या युद्धात लहानपणीच त्या इंग्लंडला आल्या, बोल्टनला वाढल्या, ऑक्सफर्डला शिकल्या. ब्रिक लेनच्या हिशोबाने हे सगळंच परकं. लंडनमधले बंगाली बहुसंख्येने सिल्हेटी, आणि ढाक्याच्या भद्रलोकांनी सिल्हेटी बोलीला हसावं ही जुनी रीत. त्यात कादंबरीतलं मुख्य जोडपंही सिल्हेटी नाही. वरच्या वर्गाने खालच्या वर्गाविषयी लिहिलं, असं वाचणाऱ्यांना वाटलं. हे वाटणं मला समजतं. पात्राचं मत लेखिकेच्या माथी मारणं मात्र मला पटत नाही. चानूच्या तुच्छतेमागे त्याचा स्वतःचा पराभव आहे आणि कादंबरी तो पानोपानी दाखवते. ज्यांना तो हसतो त्यांच्यातले कित्येक दुकानं काढून बसले. हा पुढे टॅक्सी चालवतो आणि मिसेस इस्लाम या सावकारणीच्या कर्जात अडकतो.

एका बाबतीत मात्र लेखिकेने घेतलेला आधार पक्का होता, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. अर्थशास्त्रज्ञ नैला कबीर यांनी ढाका आणि लंडन अशा दोन्ही ठिकाणच्या बांगलादेशी शिवणकामगार बायकांचा अभ्यास केला होता. त्यातून प्रेरणा घेतल्याचं अलींनी पुस्तकात नोंदवलं आहे. त्या अभ्यासातला पेच विलक्षण आहे. पडद्याची रीत कडक असलेल्या ढाक्यात हजारो बायका घराबाहेर पडून कारखान्यांत कामाला लागल्या, आणि मोकळ्या म्हणवणाऱ्या लंडनमध्ये त्याच समाजाच्या बायका घरात बसून तुकड्यागणिक मजुरीवर शिवत राहिल्या. लंडनच्या शिवणखोल्यांत सगळे आपल्याच गावाकडचे पुरुष, त्यामुळे तिथे गेलं तर गावभर बोभाटा. रस्त्यावर गोऱ्या टोळ्यांची भीती. लहान मुलांना सोडायचं कोणाकडे? ढाक्यात मात्र नवे कारखाने आणि नवं शहर, बायकांच्या झुंडी एकत्र कामाला जात.

हे माहीत झाल्यावर कादंबरीतला शिलाई मशीनचा भाग मी वेगळ्या नजरेने वाचला. मशीन कर्जाने येतं. कापलेल्या कपड्यांचे गठ्ठे दारात येतात. नाझनीन चेन बसवते, काठ दुमडते, तुकड्यागणिक पैसे मोजते. गठ्ठे आणणारा तरुण करीम तिच्या आयुष्यात शिरतो तो या कामाच्या वाटेने. त्यांच्या प्रेमप्रकरणावर बरंच लिहिलं गेलं, बदनामीची ओरडही त्यावरून झाली. माझ्या मते खरी घटना तिच्या हातात स्वतःचे पैसे येतात ही आहे. ती पुढे लंडनमध्ये राहायचं ठरवते आणि चानू एकटा ढाक्याला परततो, त्याची मुळं मला तिथे दिसतात.

२००६ मध्ये चित्रपटाचं काम सुरू झालं तेव्हा राग पुन्हा उसळला. जुलैअखेर शे-सव्वाशे लोकांनी मोर्चा काढला, पुस्तक जाळण्याची धमकी आली. प्रत्यक्षात पुस्तक जळलं नाही. काही चित्रीकरण मात्र दुसरीकडे न्यावं लागलं. स्त्रीवादी लेखिका जर्मेन ग्रीर यांनी 'गार्डियन' या वृत्तपत्रात रहिवाशांची बाजू घेतली, रश्दींनी त्यांच्यावर सडकून टीका केली, आणि दोन नामवंतांच्या या भांडणात सिल्हेटी माणूस पुन्हा बाजूला पडला. मोर्चाला विरोध असणारे बंगालीही त्या वस्तीत होते, त्यांना तर कोणी विचारलंच नाही. चित्रपट २००७ मध्ये आला. सारा गॅव्हरन यांचं दिग्दर्शन, नाझनीनच्या भूमिकेत तनिष्ठा चॅटर्जी, चानूच्या भूमिकेत सतीश कौशिक. कौशिकांनी चानूला हास्यास्पद होऊ दिलं नाही याचं मला फार मोल वाटतं.

पत्र लिहिणाऱ्यांची एक तक्रार मात्र मला शेवटपर्यंत खरी वाटते, जरी त्यांनी ती वेगळ्या शब्दांत मांडली. कादंबरीत सिल्हेटी खलाशाच्या आयुष्याला फारशी जागा नाही. चानू त्याच्याविषयी बोलतो, तो स्वतः बोलत नाही. त्याचं बोलणं ऐकायचं तर कॅरोलाइन अॅडम्स यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींकडे वळावं लागतं. पूर्व लंडनमध्ये काम करताना त्यांनी म्हाताऱ्या खलाशांना बोलतं केलं. भट्टीसमोरचे दिवस, जहाजावरून उतरल्याची रात्र, पहिली नोकरी, हे सारं त्यात त्या माणसांच्याच तोंडून येतं.