पाळीच्या तारखा, तांबी आणि तेरा टक्के

“एकदाच तर झालं, तेवढ्यानं दिवस राहतील का?” हा प्रश्न लग्न झालेल्या बाया विचारतात, न झालेल्या मुली विचारतात, आणि आवाज खाली आणून पुरुषही विचारतात. उत्तर बहुधा दोनच मिळतात: ‘काही होत नाही गं’ किंवा ‘आता संपलंच’. दोन्ही चूक. खरं उत्तर तारखेवर अवलंबून असतं, आणि ती तारीख त्या दिवशी आपल्याला ठाऊक नसते. गोम इथेच आहे.

स्त्रीबीज अंडाशयातून सुटलं की ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्रजंतू मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे सोमवारचा संबंध आणि शनिवारी सुटलेलं बीज यांचीही गाठ पडू शकते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांच्या लघवीचे रोजचे नमुने तपासून संशोधकांनी हा हिशोब नेमका मांडला. १९९५ साली तो प्रसिद्ध झाला. बीज सुटण्याच्या पाच दिवस आधी संबंध आला तर गर्भ राहण्याची शक्यता साधारण १० टक्के, आणि बीज सुटण्याच्या दिवशी ३३ टक्क्यांच्या आसपास. महिन्यातले हे सहा दिवस काय ते धोक्याचे.

मग तेवढे सहा दिवस टाळले की झालं, असं वाटतं. कितीतरी घरांत भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीचे बारीक ठिपके असतात ते याच भरवशावर. ‘चौदाव्या दिवशी बीज सुटतं’ हे पुस्तकातलं वाक्य २८ दिवसांच्या ठरावीक पाळीचं आहे. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी स्थिर असतो, साधारण दोन आठवडे. कमीजास्त होतो तो त्याआधीचा काळ. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. म्हणजे मोजायचं पुढच्या पाळीपासून मागे, आणि ती पाळी तर अजून यायची असते! त्याच संशोधकांनी पुढे दाखवलं की ज्यांचे धोक्याचे सगळे दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांत बसतात, अशा स्त्रिया फक्त ३० टक्के.

पाळीतला संबंध तरी बिनधोक ना? तोही पुरता नाही. कुणाचा रक्तस्राव सहा दिवस चालतो आणि बीज दहाव्या दिवशी सुटतं. सहाव्या दिवशीचे शुक्रजंतू तोवर टिकून असू शकतात.

साधनांचे आकडे वाचतानाही अशीच गफलत होते. निरोध दर वेळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वापरला, तर वर्षभरात १०० जोडप्यांपैकी दोघांना दिवस राहतात. प्रत्यक्षात लोक जसा वापरतात तसा धरला, तर १३ जणांना. मधले अकरा म्हणजे पाकिटात महिनोन्‌महिने घासून जीर्ण झालेला निरोध, अर्ध्यातून घातलेला, किंवा ‘आज राहू दे’ म्हटलेली रात्र. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांचं तेच: नीट घेतल्या तर शंभरात एकही नाही, चुकतमाकत घेतल्या तर सात. ‘वेळेवर बाहेर काढतो’ या भरवशावर राहणाऱ्यांत वीस. काहीच न वापरणाऱ्यांत ८५. हे अमेरिकेतल्या पाहण्यांवरून काढलेले अंदाज आहेत, पण माणसाचा विसरभोळेपणा सगळीकडे सारखाच.

शिवाय हे आकडे एका वर्षाचे आहेत. दरवर्षी तेवढाच धोका धरला, तर निरोधाचे १३ टक्के पाच वर्षांत जवळजवळ ५० टक्क्यांवर जातात. सवय झालेल्यांच्या चुका कमी होतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून खाली राहतो. तरीही पाळणा लांबवायचा आहे तो पाच वर्षांसाठी, आणि विचार मात्र एका रात्रीचा, हे गणित जमत नाही.

म्हणून तांबीबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. तांबी म्हणजे गर्भाशयात बसवायचा, साडेतीन सेंटिमीटरच्या आसपासचा इंग्रजी टी आकाराचा प्लास्टिकचा तुकडा, त्यावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, आणि खाली दोन दोरे. तांब्याचे कण गर्भाशयात शुक्रजंतूंना निकामी करतात. ‘कॉपर टी ३८०ए’ दहा वर्षं चालते, सरकारी आरोग्य केंद्रात फुकट बसते, आणि वर्षात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत, कारण रोज काही आठवायचंच नसतं. पहिले काही महिने रक्तस्राव आणि पोटदुखी वाढते, ते कुणी लपवू नये. क्वचित ती निसटते, फारच क्वचित गर्भाशयाला छिद्र पाडते; म्हणून दोरे लागतात का ते पाहायचं. पण ती ‘वर चढून काळजात जाते’ हे निव्वळ खोटं. या एका वाक्यापायी किती जणी नको असलेल्या बाळंतपणाला सामोऱ्या गेल्या असतील!

आणखी एक गैरसमज गौरी-गणपतीच्या दिवसांत हमखास दिसतो. पाळी पुढे ढकलायची गोळी गर्भनिरोधक नाही. ती चालू असताना दिवस राहणार नाहीत असं धरून चालू नये.

तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, जितक्या लवकर तितकं बरं. ती बीज सुटणं लांबवते. बीज आधीच सुटलं असेल तर ती काही करू शकत नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडतही नाही. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी तिच्यापेक्षा कितीतरी खात्रीची, पण औषधाच्या दुकानात हे कोण सांगणार? टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांचा जोर कमी होतो, तेव्हा डॉक्टरांना आधी ते सांगावं.

मुंबईत १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमन केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. ते गणिताचे प्राध्यापक. या कामापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. आणि अलीकडची स्थिती? २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी आणि कमी जोखमीची आहे. फक्त तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून खात्री करायची, एवढंच.

आणि तो पहिला प्रश्न अजून छळत असेल तर संबंधानंतर २१ दिवसांनी घरी लघवीची चाचणी करावी. त्याआधीच्या ‘नाही’वर विसंबू नये. गर्भाचे आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणून पाळी चुकते त्या दिवशीच साधारण चार आठवडे भरलेले असतात. गर्भ नको असेल तर कायद्याची मुदतही आठवड्यांतच मोजतात. आणि १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, “शेवटची पाळी कधी आली होती?” तेव्हा कालनिर्णयवरचा तो ठिपका खरोखर कामी येतो.