आमदार

आमदार : राज्य विधिमंडळाच्या सदस्यास मराठीत रूढ असलेली संज्ञा. विधानसभा व विधान परिषद या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना ती लावतात. संविधानाची परिभाषा मात्र ‘सदस्य’ एवढीच आहे.

या शब्दाची व्युत्पत्ती दिसते तितकी सरळ नाही. ‘आम’ (सार्वजनिक, सर्वसाधारण) हा मूळचा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला, तर ‘दार’ हा ‘धारण करणारा’ या अर्थाचा फारसी प्रत्यय आहे. त्यांवरून ‘सामान्य जनांचा प्रतिनिधी’ असा अर्थ सहसा लावला जातो. परंतु जहागीरदार, किल्लेदार, ठाणेदार या शब्दांत पूर्वपद हे धारण केलेल्या वस्तूचे वा अधिकाराचे नाव असते. ‘आम’ हे मुळात विशेषण असल्याने त्या साच्यात नीट बसत नाही. ‘नामदार’ हा शब्द मात्र फारसीतच सिद्ध झालेला असून ब्रिटिश अमदानीत तो कौन्सिलाच्या (तत्कालीन कायदेमंडळाच्या) सभासदाच्या नावामागे उपाधीसारखा लावीत. ‘नामदार गोखले’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. त्याच्या धर्तीवर, दरबारी भाषेतील ‘आम’ आणि ‘खास’ या जोडीतून आमदार व खासदार हे शब्द घडविले गेले असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे ‘नामदार’ मंत्र्यांकडे गेला.

पुण्यातील आमदारकीची वाट बहुधा नगरपालिकेतून जाते, आणि ही रीत बरीच जुनी आहे. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये, तर गोपाळ कृष्ण गोखले १८९९ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात गेले. दोघांचाही पुणे नगरपालिकेशी संबंध होता. गोखले तिचे अध्यक्षही झाले. मात्र १८९२ च्या कायद्यान्वये स्थानिक संस्था नावे सुचवीत व सरकार ती नेमी, त्यामुळे या सभासदत्वाला ‘निवडून येणे’ हा शब्द मर्यादित अर्थानेच लावावा लागतो.

स्वातंत्र्योत्तर काळात हा क्रम कसबा पेठ मतदारसंघात विशेष स्पष्ट दिसतो. गिरीश बापट (१९५०–२०२३) हे टेल्कोतील (आताची टाटा मोटर्स) कामगार; आणीबाणीत त्यांनी कारावास भोगला, १९८३ मध्ये ते नगरसेवक झाले आणि १९९५ पासून सलग पाच वेळा कसब्यातून निवडून आले. राज्यात मंत्री व पुण्याचे पालकमंत्री राहिल्यावर २०१९ मध्ये ते लोकसभेत गेले. त्यांच्यानंतरच्या आमदार मुक्ता टिळक या आधी महापौर होत्या. जून २०२२ मध्ये राज्यसभा व विधान परिषद निवडणुकांच्या मतदानासाठी त्या गंभीर आजारातही रुग्णवाहिकेतून मुंबईस गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचे निधन झाले. फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीच्या प्रचारात बापट नाकाला प्राणवायूची नळी लावून चाकांच्या खुर्चीतून केसरीवाड्यातील मेळाव्यास आले होते. ती निवडणूक रवींद्र धंगेकर यांनी सुमारे ११ हजार मतांनी जिंकली. २०२४ मध्ये हेमंत रासने निवडून आले. हे दोघेही पूर्वाश्रमीचे नगरसेवकच. याच परंपरेतले भाई वैद्य १९७४-७५ मध्ये महापौर आणि १९७८ नंतर राज्याचे गृहराज्यमंत्री होते.

याला अपवाद पदवीधर मतदारसंघाचा. संविधानाच्या अनुच्छेद १७१ नुसार परिषदेच्या सुमारे एक-द्वादशांश जागा पदवीधरांकडून भरल्या जातात. पुणे विभागाच्या या मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. येथे बटण दाबायचे नसून मतपत्रिकेवर केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच १, २, ३ असे पसंतिक्रम लिहावयाचे असतात. पहिल्या पसंतीचा अंक नसल्यास, किंवा तो एकाहून अधिक नावांपुढे असल्यास, मत बाद ठरते. विजयासाठी ठराविक कोटा, म्हणजे मतांची ठरलेली किमान संख्या, गाठावा लागतो. तो कोणासच न मिळाल्यास सर्वांत कमी मतांचा उमेदवार वगळून त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीनुसार वाटल्या जातात, त्यामुळे मोजणी बरीच लांबते. या मतदारसंघातून प्रकाश जावडेकर व चंद्रकांत पाटील निवडून गेले होते. पाटील पुढे २०१९ मध्ये कोथरूडमधून विधानसभेत आले.

विधानसभेची मुदत पाच वर्षांची असून किमान वय २५ लागते; परिषदेसाठी ते ३० असून तेथील सदस्यत्व सहा वर्षांचे असते. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ व परिषदेचे ७८ सदस्य आहेत.