मनिलातल्या कलादालनाचं कुलूप

मनिलाजवळच्या अंतिपोलोला टेकडीवरच्या पांढऱ्याशुभ्र दालनांमध्ये फिलिपिनो समकालीन कला पाहायला आज भरपूर गर्दी असते. २०१० मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय खासगी आहे. मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या एका संग्राहकाने तरुण चित्रकारांच्या गटाला आपल्या बागेत चित्रं मांडू दिली, विकत घेतली, त्यातून ते वाढलं. त्याआधीची चार दशकं मात्र समकालीन कलेचा मोठा भार मनिला उपसागराच्या काठच्या सरकारी सांस्कृतिक केंद्रावर होता.

 १९६९ मध्ये समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर या केंद्राची काँक्रीटची अवाढव्य इमारत उघडली. पुढाकार राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचा. १९७२ मध्ये मार्शल लॉ आला, वर्तमानपत्रं बंद पडली. केंद्रात मात्र संकल्पनात्मक कलेचे, म्हणजे रूपापेक्षा कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलेचे, धाडसी प्रयोग चालू राहिले. राजवटीवर थेट बोट ठेवणाऱ्या चित्रकारांनी १९७६ मध्ये आपला वेगळा गट काढला. चित्र फार स्पष्ट बोलत नाही तोवरच मोकळीक होती, असं म्हटलं तर केंद्रावर फारसा अन्याय होणार नाही. १९८६ मध्ये राजवट कोसळली आणि धोरणही बदललं.

म्हणूनच २०११ मध्ये एक प्रदर्शन बंद करण्याचा केंद्राचा निर्णय जास्त खुपतो. देशाच्या राष्ट्रपुरुषाच्या जन्माला दीडशे वर्षं झाली होती आणि मनिलातल्या एका जुन्या कॅथलिक विद्यापीठाला चारशे. त्या निमित्ताने विद्यापीठाच्या तिसाहून अधिक माजी विद्यार्थ्यांचं ‘कुलो’ हे प्रदर्शन जूनमध्ये केंद्रात भरलं. त्यातल्या ‘पोलितेइस्मो’ या मांडणशिल्पात धार्मिक प्रतिमा, जाहिराती आणि राजकीय पोस्टरं एकत्र चिकटवली होती. येशूच्या एका चित्रावर लाकडी पुरुषलिंग बसवलं होतं. याच कामाचं रूप २००२ पासून आधी इतरत्र दाखवलं गेलं होतं, तेव्हा एवढं रान उठलं नव्हतं. पण आता टीव्हीवर बातमी आली, तीही कुटुंबनियोजनाच्या विधेयकावरून चर्च आणि सरकार समोरासमोर उभे असताना. ऑगस्टच्या सुरुवातीला मांडणशिल्पाची नासधूस झाली, ते पेटवण्याचाही प्रयत्न झाला. केंद्राच्या जन्मदात्रीने येऊन नाराजी व्यक्त केली. राष्ट्राध्यक्षही विरोधात बोलले. ९ ऑगस्टला संचालक मंडळाने प्रदर्शनाला कुलूप लावलं.

कुलूप लागलं ते संपूर्ण प्रदर्शनाला. वाद एका कामाचा होता, तरी उरलेल्यांची कामंही झाकली गेली. धमक्या येत होत्या, लोकांच्या आणि मालमत्तेच्या सुरक्षेचा प्रश्न होता, हे कारण खोटं नव्हतं. पण बंदोबस्त वाढवता आला असता, एक दालन तेवढं बंद ठेवता आलं असतं. आपल्याकडे चित्रप्रदर्शनांवर चालून जाणारे जमाव पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

केंद्राच्या दृश्यकला विभागाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. सिनेटच्या सुनावणीत अधिकाऱ्यांना झाडण्यात आलं, अनुदान कापण्याची भाषा झाली. अश्लीलतेची तक्रारही दाखल झाली. ती पुढे फेटाळली गेली, पण तोवर प्रदर्शनाची मुदत केव्हाच उलटून गेली होती.