चौघांचा गेम, एकटा खेळाडू: पार्श्वभूमी

नवा को-ऑप, म्हणजे मिळून खेळायचा, गेम आला की हल्ली पहिल्याच दिवशी विचारणा होते: एकट्याने खेळला तर पैसे वसूल होतील का? आर्केडच्या जमान्यात हा पेच नव्हता. १९८५ च्या 'गॉन्टलेट'वर चौघे उभे राहू शकत. एकटा असलास तर तुझी तू नाणी टाक, इतकंच.

२००८ च्या 'लेफ्ट फोर डेड'ने सोबत थेट नियमातच बसवली. हंटर नावाचा झोंबी अंगावर झेपावला की आपलं आपल्याला सुटता येत नाही, दुसऱ्याने येऊन त्याला हाणावं लागतं. एकट्याच्या दिमतीला तीन बॉट, म्हणजे संगणक चालवतो ते साथीदार, असत. ते नेमबाजीत पक्के, पण पाइप बॉम्ब काही फेकत नसत. तरी मोहीम पार पडायची.

खरा वाद पेटला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये, त्याच मंडळींच्या 'बॅक फोर ब्लड'वरून. त्यात खेळाडूची ताकद वाढवणारी कार्डं असतात, ती सप्लाय पॉइंट कमावून मिळवायची आणि त्यांचा संच, म्हणजे डेक, जमवायचा. सोलो मोडमध्ये कार्डं सुरुवातीपासून खुली होती, पण सप्लाय पॉइंट नाहीत, अचीव्हमेंट (पराक्रमाची बिरुदं) नाहीत, आकडेवारीत नोंद नाही. वर, एकटं खेळतानाही इंटरनेट हवंच. कार्डं आयती मिळतात, मग पॉइंट हवेत कशाला, हा युक्तिवाद ऐकायला ठीक आहे. मला तो कधीच पटला नाही. एकेक कार्ड मिळवत डेक जमवणं हीच तर त्या गेमची गोडी. तीन बॉट सांभाळत रात्री उशिरा टप्प्याच्या शेवटच्या सुरक्षित खोलीचं, सेफ रूमचं, दार लावून घ्यायचं आणि खात्यात जमा शून्य! पूर्ण किंमत मोजणाऱ्याला दिलेली ही दुय्यम वागणूक होती. ज्याचं नेट ऐनवेळी दगा देतं, ज्याचे मित्र शिफ्टवर असतात, त्याने काय करायचं? बरीच ओरड झाली. अखेर डिसेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये ऑफलाइन मोहीम आली आणि एकट्याची कमाई धरली जाऊ लागली.

खरं तर मार्ग आधीच सापडलेला होता. मे २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या 'डीप रॉक गॅलॅक्टिक'मध्ये एकट्या खाणकामगाराला बॉस्को नावाचा ड्रोन मिळतो. लेझरने खूण केली की तो छतालगतचं खनिज खणून काढतो, अंधारात उजेड धरतो, आपण पडलो तर ठरावीक वेळा उठवतो. हल्ला करणारे किडेही खेळाडू किती आहेत ते बघून कमी-जास्त येतात, आणि कमाई खात्यात जमा होते. असा गेम एकट्याने खुशाल घ्यावा.

मार्च २०२१ च्या 'इट टेक्स टू'मध्ये एकट्यासाठी मोडच नाही. मात्र एकाने विकत घेतला की जोडीदाराला फुकट खेळता येतो, त्यामुळे तक्रारीला जागा उरत नाही.

मे २०२५ च्या 'एल्डन रिंग नाइटरेन'मध्ये एकट्याला बॉटही नव्हते आणि मेल्यावर उठवणारंही कोणी नव्हतं. काही दिवसांतच पॅच, म्हणजे दुरुस्ती, आला: रात्रीच्या बॉसशी (मोठ्या शत्रूशी) लढताना एकदा आपोआप उठता येऊ लागलं, रून्सही (ताकद वाढवायला लागणारं चलन) वाढले. जोडीने खेळणाऱ्यांना मात्र दोघांच्या मोडसाठी जुलैअखेरपर्यंत वाट बघावी लागली.